डावीकडची सीट

रविवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी रामदास सकपाळ यांनी फिरकी नावाच्या गाडीचं डावं दार उघडलं, छताला एक हात लावून ते खाली वाकले आणि सीटच्या पुढ्यातल्या जागेवरून त्यांनी बोटं फिरवली. वर नवा काळा गालिचा होता. त्याची कड त्यांनी उचलली. खाली पत्रा होता, एकसंध आणि गुळगुळीत. चार भोकं असायला हवी होती. एकही नव्हतं.

“काका, काका! प्लीज दार नका उघडू. नवा पेंट आहे.”

शेडच्या दुसऱ्या टोकाकडून मनाली जवळजवळ पळतच आली. प्रदर्शन तिनं मांडलं होतं. लोअर परळच्या या बंद गिरणीत पूर्वी जिथे कापड विणणारे साचे चालत, तिथे आता थंड हवेत, दिव्यांच्या झोतात पाच गाड्या उभ्या होत्या. सगळ्या जुन्या मालिकांतल्या, नायकांसाठी खास बनवून घेतलेल्या. पंख लावलेली जीप, पुढे तोफ बसवलेली साइडकार, आणि मधोमध फिरकी. लोकांसाठी दारं अकराला उघडायची होती. रामदासना तिनं आधी बोलावलं होतं, पंधरा मिनिटांच्या मुलाखतीसाठी.

“सॉरी,” रामदास म्हणाले आणि त्यांनी दार लावलं. आपटलं नाही, आधी टेकवलं, मग तळव्यानं दाबलं, खट् असा आवाज येईपर्यंत. “खालचा पत्रा कोणी बदलला?”

“ते हेरंब सांगतील. गाडी त्यांची आहे. तुम्ही मेकॅनिक होता ना काका, हिच्यावर?”

“गाडीवर होतो,” रामदास म्हणाले.

फोनवरही ते एवढंच म्हणाले होते. त्यांच्या टॉवरच्या लिफ्टमध्ये प्रदर्शनाचं पोस्टर लागलं होतं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं की या गाड्यांवर काम केलेल्यांनी संपर्क साधावा. एकविसाव्या मजल्यापर्यंत जाताना त्यांनी ते तीन दिवस वाचलं, चौथ्या दिवशी नंबर लिहून घेतला.

ज्यांचं लहानपण त्या काळात गेलं त्यांना फिरकी समजावून सांगावी लागत नाही. दर गुरुवारी रात्री नऊला मालिका लागायची. संकटात सापडलेला कप्तान दोन बोटं तोंडात घालून शीळ घालायचा, आणि गल्लीच्या तोंडातून निळीशार फिरकी निघायची, वळण घ्यायची, त्याच्या पुढ्यात येऊन थांबायची. स्टिअरिंगमागे कोणी नाही. मूळची ती साधी फियाट. लालबागच्या पत्रेवाल्यांनी तिचं छत बुटकं केलं, मागे माशासारखे दोन पर लावले. पुढे धावणारी लाल दिव्यांची पट्टी गणपतीच्या मखरासाठी मिळते तीच होती.

गाडीशेजारी एक फलक उभा होता. रामदासनी चष्मा लावला आणि तो पहिल्या ओळीपासून वाचला. नायक हितेंद्र विजयकर यांचं नाव होतं, निर्मात्याचं होतं, रंगाची कंपनी होती. शेवटून दुसरी ओळ अशी होती: ‘चालकाविना धावण्याची दृश्ये जपानहून आणलेल्या रिमोटच्या साहाय्याने चित्रित करण्यात आली.’

ती ओळ त्यांनी दोनदा वाचली.

हेरंब चाळिशीचा, गिरगावातला. पैशानं गाड्या जमवणाऱ्यांतला दिसत नव्हता. त्याच्या नखांत ग्रीस होतं. गाडीबद्दल विचारलेलं त्याला आवडलं.

“वडाळ्याला यार्डामागे ताडपत्रीखाली मिळाली. आत पिंपळ उगवलेला. चार वर्षं लागली मला. एकेक बोल्ट त्या काळातला आहे. मूळचं ते ठेवलं, नंतर कोणी घुसडलेलं ते काढून टाकलं.”

“डावीकडे पेडल होती.”

“होती ना! तुम्हाला कसं माहीत? मधल्या काळात कोणीतरी ट्रेनिंग स्कूलला जुंपलेली हिला. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं डावीकडे. डॅशबोर्डखाली सायकलची चेनसुद्धा. लोक काय काय उद्योग करतात हो. आणि ती डावी सीट! आतून पोकळ. नुसती रेक्झिनची खोळ, उंदरांनी खाल्लेली. सगळं उपटलं, भोकं वेल्ड केली, घासून लेव्हल केलं. आता हात फिरवला तरी कळणार नाही.”

“नाही कळत,” रामदास म्हणाले.

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“ती सीट पोकळच होती. मी बसायचो त्यात.”

मनालीनं हेरंबकडे पाहिलं. हेरंबनं रामदासकडे.

“म्हणजे?”

“मी लालबागला मोटर ट्रेनिंग स्कूलमध्ये होतो. मास्तर. आमच्या गाड्यांना डावीकडे क्लच-ब्रेक असतात, माहीत असेल तुम्हाला. निर्मात्यांचा भाचा माझ्याकडे शिकायला यायचा. त्यांनी मला बोलावून विचारलं, सकपाळ, नुसत्या डावीकडून अख्खी गाडी चालवशील का. म्हटलं, रोज तेच करतो. पोरं स्टिअरिंग धरून बसतात, चालवतो मीच.”

“आणि स्टिअरिंग?”

“खाली छोटं चाक होतं, मांडीजवळ. तुमची ती चेन त्याचीच. गिअर बदलता यायचा नाही. आधीच दुसरा टाकून ठेवायचा आणि उजवीकडच्याने उतरायचं. सगळी फिरकी दुसऱ्या गिअरवर चाललीय. कॅमेरा हळू फिरवायचे, म्हणून पडद्यावर पळताना दिसायची.”

“दिसायचं कसं तुम्हाला, खोळीतून?”

“मच्छरदाणीचं कापड. माझ्या मिसेसनं शिवलं होतं, तोंडासमोर वीतभर. वरून सीटच्या रंगाचा पातळ हात दिलेला. आतून दिसायचं, बाहेरून नाही.”

“पण एवढा माणूस सीटमध्ये,” मनाली म्हणाली, “कोणाच्याच लक्षात नाही आलं?”

“लोक उजवीकडची रिकामी सीट बघायचे. डावीकडे कोण बघतो?”

मनाली हसली, मग थांबली. तिनं टॅबवर काहीतरी शोधलं. “काका, राग मानू नका. आमच्याकडे निर्मात्यांची त्या वेळची मुलाखत आहे. मासिकातली. त्यात ते स्वतः सांगतात, रिमोट.”

“ते तसंच सांगायचे. आम्हालाही तेच सांगायला लावलं होतं. ज्या दिवशी लोकांना माणूस कळेल त्या दिवशी फिरकी मेली, म्हणायचे. मी शब्द दिला होता, तुम्ही असेपर्यंत बोलणार नाही. ते गेले डिसेंबरात.”

“काही प्रूफ?” हेरंबनं विचारलं. आवाज उर्मट नव्हता. चार वर्षं एकेक बोल्ट तपासलेल्या माणसाचा होता. “फोटो, पत्र, काही?”

“फोटो काढू द्यायचे नाहीत. विजयकर साहेब येतायत ना आज? त्यांना विचारा. त्यांना गाडी येत नव्हती. ते चालवतात त्या सीनमध्येही पाय माझेच असायचे.”

“येतायत दहाला,” मनाली म्हणाली. “पण काका, त्यांना आता...” तिनं वाक्य तिथेच सोडलं आणि त्यांच्यासाठी खुर्ची आणायला सांगितलं.

रामदास खुर्चीत बसले. गुडघ्यांवर हात ठेवून, पाठ ताठ. समोर फिरकीची डावी बाजू होती.

त्यांना पैसे नको होते, सत्कारही नको होता. त्यांना त्या फलकावर एक ओळ हवी होती. ओळ लागली की तिचा फोटो काढायचा आणि हर्षवर्धनला पाठवायचा, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा मुलगा नाशिकला विमा कंपनीत होता. दर रविवारी संध्याकाळी साडेआठला त्याचा फोन यायचा. गोळ्या घेतल्या का, जेवलात का, लिफ्ट चालू आहे का. चार मिनिटं. त्या चार मिनिटांत ही गोष्ट बसत नव्हती. आधीच्या चाळीत कधी दार लोटलेलं दिसलं की शेजारी विचारायचे, बरं नाही का. टॉवरमध्ये कोणी उघडं ठेवलं तर तेच विचारतात. बायको, कांता, जाऊन चार वर्षं झाली होती, आणि बोलायचं म्हटलं तर ती चार मिनिटंच होती. ती खर्च करायला त्यांचा धीर होत नव्हता.

हर्षवर्धन तेव्हा नऊ वर्षांचा होता. वडाळ्याला मिठागराच्या रस्त्यावर शूटिंग असलं की कांता डबा घेऊन जायची. एकदा त्यालाही घेऊन गेली. त्यानं बापाला सीटमधून बाहेर येताना पाहिलं, घामानं निथळत, दोन्ही गुडघे धरून. घरी येऊन त्यानं जिन्यात पोरांना सांगितलं. पोरांनी त्याला थापाड्या ठरवलं.

त्या गुरुवारी दगडू पवारांच्या खोलीत नेहमीसारखी तीस-चाळीस माणसं होती, कारण मजल्यावरचा रंगीत टीव्ही तेवढाच. फिरकी पडद्यावर येऊन थांबली आणि दगडूनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं:

“काय रे रामदास, तुझा पोरगा सांगत फिरतोय, ही तू चालवतोस म्हणून?”

खोली हसली. हर्षवर्धन पुढे जमिनीवर बसला होता. तो मागे वळला. तोही हसत होता, पण वेगळं. आता बाबा सांगतील म्हणून आधीच जिंकल्यासारखं.

“पोरांचं काय मनावर घेतोस,” रामदास म्हणाले. “रिमोटवर चालते ती. पेपरात आलंय.”

खोली पुन्हा हसली, या वेळी जास्त. कांता दारात उभी होती. ती मालिका अर्धी टाकून निघून गेली. घरी रामदास तिला म्हणाले, उद्या समजावून सांगतो त्याला. उद्या पहाटे पाचला शूटिंग होतं. परवा शाळा होती. मग मालिका संपली, गाडी कुणी कुठे नेली कळलं नाही, आणि ‘थापाड्या सकपाळ’ हे नाव हर्षवर्धन नोकरीला नाशिकला गेला तेव्हाच चाळीत मागे राहिलं.

वीस-एकवीस वर्षांचा असताना एकदा चहा पिता पिता तो आपणहून म्हणाला होता, “लहानपणी मला वाटायचं, तुम्ही त्या फिरकीच्या सीटमध्ये लपून बसता. मी डोळ्यांनी बघितलंय असं वाटायचं. स्वप्नबिप्न पडलं असणार. काय डोकं असतं ना पोरांचं.”

रामदासनी पाव चहात बुडवला होता. तो तसाच धरून राहिले. पाव तुटून कपात पडला, आणि ते चमचा आणायला उठले.

कांता शेवटच्या दिवसांत दोनदा म्हणाली, त्याला सांगा. तूच सांग की, असं ते म्हणाले तेव्हा तिनं मान हलवली. “‘नाही’ तुम्ही म्हणालात. ‘हो’ पण तुम्हीच म्हणा.”

दहाला पाच कमी असताना हितेंद्र विजयकर आले. मुलगी प्राची सोबत होती. तिनं त्यांचा कोपर धरला होता. पांढरा कोट, गळ्यात रेशमी रुमाल, चेहरा अजून पडद्यावरचाच. शेडमधली कामाची माणसं आपसूक उभी राहिली. रामदासही उठले, पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, “साहेब. मी रामदास.”

विजयकरांनी त्यांच्याकडे छान हसून पाहिलं. मग कोटाच्या खिशातून पेन काढलं आणि कागदासाठी हात पुढे केला. रामदासजवळ कागद नव्हता. मनालीनं प्रदर्शनाचं माहितीपत्रक दिलं. त्यावर विजयकरांनी लिहिलं, ‘शुभेच्छांसह, तुमचा कप्तान.’

“थँक यू साहेब,” रामदास म्हणाले. माहितीपत्रकाची त्यांनी घडी घातली.

प्राची हळूच म्हणाली, “सॉरी हं काका. सकाळपासून मलाही ओळखलेलं नाही. जुनं पाठ केलेलं तेवढं बोलतात. आवडतं म्हणून आणते.”

मुलाखत झाली. कॅमेरा तिवईवर होता, मनाली त्याच्या बाजूला उभी राहून प्रश्न विचारत होती. विजयकरांना उत्तरं शोधावी लागत नव्हती. फिरकी म्हणजे माझी दुसरी नायिका. तिला मी कधी ओरडलो नाही. ती चालायची कशी? जपानी रिमोट, मॅडम, त्या काळात अख्ख्या देशात एकच.

हेरंबनं रामदासकडे पाहिलं नाही. त्यानं फिरकीच्या काचेवरचा न दिसणारा बोटाचा ठसा पुसला.

“आता एक शॉट सर गाडीत बसलेले असा घेऊ,” मनाली म्हणाली. “हात स्टिअरिंगवर. बोलायचं नाही, नुसतं समोर बघायचं.”

प्राचीनं आणि हेरंबनं मिळून त्यांना उजवीकडे बसवलं. रामदास डाव्या दाराशी उभे होते, कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून जरा मागे. काच खाली केलेली होती. विजयकरांनी स्टिअरिंग धरलं, दहा वाजून दहा मिनिटं झालेल्या घड्याळाच्या काट्यांसारखे हात ठेवून, शिकवलेली माणसं धरतात तसे. त्यांनी नजर समोर लावली. चेहऱ्यावर कप्तानाचं अर्धं हसू आलं. ते तसंच ठेवून, ओठ जेमतेम हलवत, ते बोलू लागले.

“रामदास, क्लच घे.”

रामदासनी खिडकीकडे पाहिलं.

“सोड आता. हळू. मागच्या वेळी झटका बसला. गॉगल पडला माझा.”

“बाबा, कोणाशी बोलताय?” प्राचीनं विचारलं.

“गप. शॉट चालू आहे.” नजर समोरच. “रामदास, ऐकतोस ना?”

रामदास एक पाऊल पुढे आले. खिडकीत वाकले. रिकाम्या डाव्या सीटच्या वर, तिच्या उंचीला त्यांचं तोंड आलं.

“ऐकतोय साहेब.”

“गरम होतंय का आत?”

“नाही साहेब.”

“खोटं बोलतोस. तुझा पोरगा आलाय बघ तिकडे, बायकोच्या मागे. मघाशी सीटमध्ये शिरून बसला होता, बाहेर यायला तयार नाही. मी म्हटलं, बाळा, तिथे तुझा बाप बसतो. तर मला म्हणतो कसा, मला माहितीये.” त्यांच्या गळ्यात हसू हललं, चेहऱ्यावर आलं नाही. “हुशार आहे. त्याला सांग, पुढच्या वेळी शीळ त्यानं घालायची.”

“सांगतो साहेब.”

“चल. ब्रेक.”

रामदासचा डावा पाय शेडच्या फरशीवर दाबला गेला. ते त्यांच्या लक्षात आलं नाही. मनालीच्या लक्षात आलं. तिनं कॅमेरा बंद केला नव्हता.

विजयकरांना बाहेर काढलं तेव्हा ते दमले होते. जाताना रामदासच्या शेजारून गेले, पुन्हा छान हसले आणि पेनासाठी खिशात हात घालू लागले. प्राचीनं तो हात हातात घेतला आणि त्यांना हळूहळू दाराकडे नेलं.

हेरंब बराच वेळ गाडीच्या डाव्या बाजूला उकिडवा बसून होता. मग त्यानं फोन काढला, मागे मागे जात राहिला आणि स्क्रीन रामदाससमोर धरली. गाडी उघडली त्या दिवसाचे फोटो. गंजलेली तीन पेडल, चेनचं वेटोळं, जमिनीवर टाकलेली मरून रंगाची खोळ. खोळीच्या वरच्या बाजूला वीतभर जाळी होती, एका कोपऱ्यात अजून शाबूत. टाके बारीक होते.

“मी काढण्याआधी सगळ्याचे फोटो काढतो,” तो म्हणाला. “सवय आहे. मग भंगारात दिलं.” फोन खाली घेऊन म्हणाला, “काका, मी चुकलो. सगळं नीट करायच्या नादात...”

“काम चांगलं केलंयत,” रामदास म्हणाले. “वेल्डिंग अजिबात दिसत नाही.”

फलक तिथल्या तिथे बदलता येत नव्हता. छापणारा रविवारी बंद. मनालीनं जपानी रिमोटच्या ओळीवर पांढरी पट्टी चिकटवली आणि काळ्या शाईनं लिहिलं: ‘गाडी डावीकडच्या सीटमध्ये बसून रामदास सकपाळ चालवत. सीटचे शिवणकाम: कांता सकपाळ.’ दुसरं वाक्य तिनं आपणहून घातलं. सोमवारी छापील येईल, ती म्हणाली.

“हा व्हिडिओ पाठवू का तुम्हाला? प्राचीताई हो म्हणाल्यात.”

“मला नको. मुलाला पाठवा.” रामदासनी नंबर तोंडी सांगितला. “आणि तो खोळीचा फोटो. फलकाचा पण.”

“काय लिहू खाली?”

त्यांनी विचार केला. “काही नको. तो बघेल.”

मनालीनं अकराला सहा मिनिटं कमी असताना तिन्ही पाठवले. मग दारं उघडली. रामदास गर्दीत अर्धा तास थांबले. एक बाप आपल्या मुलीला फलक मोठ्यानं वाचून दाखवत होता. मुलगी डाव्या खिडकीतून आत बघत होती. मग ते करी रोडच्या पुलावरून चालत घरी आले. वाटेत त्यांनी पेढे घेतले. कोणाला द्यायचे ते ठरलेलं नव्हतं.

हर्षवर्धनचा मेसेज तीन पन्नासला आला. त्यांनी चष्मा लावून, खिडकीपाशी उभं राहून तो वाचला.

‘म्हणजे मी खरं बोलत होतो.’

एवढंच होतं. त्यांनी खाली सरकवून पाहिलं. आणखी काही नव्हतं.

ते सोफ्यावर बसले. पहिल्यांदाच त्यांना दगडू पवारची खोली पुढून दिसली, जमिनीवरून, नऊ वर्षांच्या पोराच्या उंचीवरून: मागे वळल्यावर दिसलेलं बापाचं तोंड. इतकी वर्षं त्यांनी ती खोली नेहमी मागून पाहिली होती.

त्यांनी बोलून पाठवायचं बटण दाबलं. “हर्षा,” ते म्हणाले. नंतरचे सहा सेकंद पंख्याचा आवाजच रेकॉर्ड झाला. त्यांनी ते पुसलं. दुसऱ्यांदा म्हणाले, “हर्षा, त्या दिवशी मी शब्द दिला होता म्हणून,” आणि तेही पुसलं. तिसऱ्यांदा नुसतं “हो,” म्हणाले. ते गेलं.

साडेआठला फोन वाजला नाही. पावणेनऊला त्यांनी लिफ्टपाशी जाऊन रेंज आहे का ते पाहिलं. रेंज होती. नऊला त्यांनी स्वतः लावला. पूर्ण वाजून बंद झाला.

सोमवारी सकाळी मनालीचा मेसेज होता, छापील फलक लागला म्हणून, सोबत फोटो. दहानंतर त्यांनी पुन्हा नाशिकला लावला. सुनेनं, मेघनानं, स्वतःच्या फोनवरून उलट केला.

“बाबा, हे तुमच्याकडे यायचं काही बोलले होते का?”

“नाही. का?”

“सकाळी साडेसहाला गाडी घेऊन निघाले. मला वाटलं ऑफिसचं काही असेल. आत्ता ऑफिसमधूनच फोन आला, आज आले नाहीत म्हणून. फोन घरीच ठेवून गेलेत.”

“काही बोलला तुला?”

“काही नाही. काल दुपारपासून तो व्हिडिओच बघत होते. नीलला पण दाखवला. नील विचारत होता, पप्पा, यात काय बघायचं. तर म्हणाले, डावीकडे बघ. तुमच्यात काही झालंय का, बाबा?”

रामदासनी खिडकीतून खाली पाहिलं. टॉवरच्या फाटकाशी एक पांढरी गाडी थांबली होती. वॉचमननं काही विचारलं. गाडी मागे घेऊन वळली आणि निघून गेली. कोणाची ते एकविसाव्या मजल्यावरून कळत नव्हतं.

“झालंय,” ते म्हणाले. “कळवतो तुला.”

त्यांनी दाराची कडी काढली आणि दार उघडं ठेवलं. घड्याळात अकराला दहा कमी होते. साडेसहाला नाशिकहून निघालेला माणूस, भिवंडीला अडकला नाही तर, साडेदहापर्यंत परळला पोचतो.